मेघनाद साहा : बुद्धी होती, प्रयोगशाळा नव्हती

१९५६ म्हटले की आपल्याला दोन तारखा आठवतात. १४ ऑक्टोबर आणि ६ डिसेंबर. त्याच वर्षी १६ फेब्रुवारीला दिल्लीत आणखी एका माणसाचा अंत झाला. योजना आयोगाच्या कार्यालयाकडे जात असताना राष्ट्रपती भवनाजवळ हृदयविकाराच्या झटक्याने ते कोसळले. वय ६२. जगातल्या प्रत्येक खगोलशास्त्राच्या पुस्तकात ज्यांच्या नावाचे समीकरण छापलेले आहे, ते डॉ. मेघनाद साहा.

आपल्या मुलामुलींपैकी जे भौतिकशास्त्र घेऊन एम.एस्सी.पर्यंत जातात, त्यांना साहांचे समीकरण माहीत असते. ते सोडवले की मार्क मिळतात. पण ते लिहिणारा माणूस कोणत्या घरातून आला, त्याला काय काय नाकारले गेले आणि पुढे आयुष्यभर तो कशासाठी झगडला, हे कोणी शिकवत नाही. हा माणूस बौद्ध नव्हता, आंबेडकरी चळवळीतलाही नव्हता. तरीही त्याचे आयुष्य आपल्या तरुणांनी वाचले पाहिजे असे आम्हाला वाटते. कारण गरीब देशात विज्ञान का उभे राहत नाही, या प्रश्नाचे उत्तर त्या आयुष्यात आहे.

या प्रश्नाला आपल्याकडे दोन ठरावीक उत्तरे मिळतात. एक वर्ग म्हणतो, आपल्या लोकांत ती बुद्धीच नाही, ते काम गोऱ्यांचे. दुसरा वर्ग म्हणतो, नवीन शोधायचे काय, सगळे आपल्या जुन्या ग्रंथांत आहेच. साहांनी ही दोन्ही उत्तरे आयुष्यभर खोडून काढली.

वेगळे ताट

साहांचा जन्म ६ ऑक्टोबर १८९३ चा. गाव शेवरातली, ढाका जिल्हा, आजच्या बांगलादेशात. वडील जगन्नाथ यांचे लहानसे किराणा दुकान. आई भुवनेश्वरी. आठ भावंडांत मेघनाद पाचवे. जात बंगालच्या उतरंडीत खालची मानलेली. त्यांना आजच्या कोणत्या प्रवर्गात बसवायचे, हा वाद आपल्याला घालायचा नाही. त्यांच्याबरोबर जेवायला बसायला इतरांना चालत नव्हते, एवढे आपल्याला पुरेसे आहे. त्याचा अर्थ आपल्याला कोणी समजावून सांगायला नको.

गावात फक्त प्राथमिक शाळा होती. पोराने चार अक्षरे शिकून दुकानात बसावे, असे घरच्यांना वाटत होते. मोठा भाऊ जयनाथ मात्र आडवा आला. पुढची शाळा काही मैलांवर शिमुलियाला होती. रोज पायी येणे-जाणे शक्य नव्हते. तिथल्या अनंतकुमार दास नावाच्या डॉक्टरांनी मुलाला आपल्या घरी ठेवून घेतले. राहणे-जेवणे फुकट. अट एवढीच, की त्याने आपले ताट आपणच घासायचे आणि गोठ्यातल्या कामाला हातभार लावायचा. उपकार खरा होता आणि वेगळे ताटही खरे होते. अशी मदत घेऊन शिकलेले आजोबा-पणजोबा आपल्यापैकी अनेकांच्या घरांत आहेत.

मेघनाद जिल्ह्यात पहिले आले आणि १९०५ मध्ये ढाक्याच्या कॉलेजिएट शाळेत दाखल झाले. तिथे त्यांचा खर्च तीन वाटांनी भागला. सरकारी शिष्यवृत्तीचे महिन्याला ४ रुपये, तागाच्या गिरणीत काम करणाऱ्या जयनाथने आपल्या तुटपुंज्या पगारातून पाठवलेले ५ रुपये, आणि पूर्व बंगाल वैश्य समितीचे २ रुपये. या ११ रुपयांवर पुढे जगाला तारे वाचायला शिकवणारा माणूस उभा राहिला. त्यातले दोन रुपये समाजाने वर्गणीतून दिलेले होते, हे आपण विसरू नये.

ते वर्ष बंगालच्या फाळणीचे होते. गव्हर्नरच्या भेटीवर विद्यार्थ्यांनी बहिष्कार टाकला. त्यात साहाही होते. शाळेतून काढले, शिष्यवृत्ती गेली. दुसऱ्या एका शाळेने त्यांना घेतले आणि तिथून १९०९ मध्ये ते पूर्व बंगालमधून पहिले आले. १९११ मध्ये कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात प्रवेश मिळाला. शिकवायला जगदीशचंद्र बोस आणि प्रफुल्लचंद्र राय, वर्गात सत्येंद्रनाथ बोस. बी.एस्सी. आणि एम.एस्सी. या दोन्ही परीक्षांत सत्येंद्रनाथ पहिले, मेघनाद दुसरे.

पण राहायला मिळालेल्या ईडन हिंदू हॉस्टेलमध्ये सवर्ण मुलांनी त्यांच्या पंगतीला बसायला नकार दिला. सरस्वतीच्या पूजेच्या वेळी त्यांना दूर ठेवले गेले. विद्येच्या देवतेजवळ जायला ज्या विद्यार्थ्याला मनाई झाली, त्याच्याइतका विद्वान त्या वसतिगृहात दुसरा शोधावा लागला असता. साहांनी वसतिगृह सोडले आणि बाहेर मेसमध्ये राहिले. पुढच्या आयुष्यात कर्मकांडाविषयी त्यांनी जी कठोर भूमिका घेतली, तिचे मूळ या पंगतीत आहे असे आम्हाला वाटते.

सूत्र कोलकात्यात, दुर्बीण कॅलिफोर्नियात

शिक्षण झाल्यावर घरची जबाबदारी होती. सरकारी वित्त सेवेची परीक्षा द्यावी असे साहांनी ठरवले. क्रांतिकारकांशी संबंध असल्याच्या संशयावरून सरकारने परवानगीच दिली नाही. त्यामुळे ते १९१६ मध्ये कोलकाता विद्यापीठाच्या नव्या विज्ञान महाविद्यालयात अध्यापक झाले.

हे महाविद्यालय कसे उभे राहिले, ते समजून घेण्यासारखे आहे. इंग्रज सरकारला भारतात कारकून आणि फार तर ओव्हरसीअर हवे होते, संशोधक नकोत. तारकनाथ पालित आणि रासबिहारी घोष या दोन वकिलांनी आपली संपत्ती विद्यापीठाला दिली. त्या पैशातून नेमले जाणारे प्राध्यापक भारतीयच असावेत, अशी अट घातली. कुलगुरू आशुतोष मुखर्जी यांनी तरुण मुले हेरून त्यांना कामाला लावले. साहा आणि बोस यांना जे विषय शिकवायचे होते, ते त्यांना स्वतःलाच कोणी शिकवलेले नव्हते. युद्धामुळे जर्मन मासिके येत नव्हती. दोघे जर्मन शिकले, मिळतील ते ग्रंथ वाचले, आणि आईनस्टाईन व मिन्कोवस्की यांच्या सापेक्षतेवरच्या निबंधांचे इंग्रजी भाषांतर केले. कोलकाता विद्यापीठाने १९२० मध्ये ते प्रसिद्ध केले.

याच काळात साहांनी एक मोठा निबंध लिहिला. प्रकाशाचा दाब काही अणूंना निवडून ढकलतो आणि त्यामुळे ते सूर्याच्या पृष्ठभागापासून वर तरंगू शकतात, अशी त्यात मांडणी होती. १९१७ मध्ये त्यांनी तो अमेरिकेतल्या नामांकित खगोलशास्त्रीय मासिकाकडे पाठवला. उत्तर आले की निबंध लांब आहे, छपाईच्या खर्चाचा काही भाग लेखकाने उचलला तर छापता येईल. ती रक्कम कोलकात्यातल्या तरुण अध्यापकाच्या आवाक्याबाहेर होती. तो निबंध त्या मासिकात पूर्ण कधीच आला नाही. विचार तयार होता, गणित तयार होते, पण छापायला पैसे नव्हते. गरीब देशातल्या विज्ञानाची गोष्ट अशीच सुरू होते.

१९२० मध्ये मात्र लंडनच्या एका मासिकाने त्यांचा जो निबंध छापला, त्याने खगोलशास्त्राची दिशा बदलली. साध्या शब्दांत सांगायचे तर असे. ताऱ्याचा प्रकाश लोलकातून नेला की रंगांच्या पट्ट्यात काळ्या रेषा दिसतात. कोणती रेषा कोणत्या मूलद्रव्याची, हे माहीत होते. पण एका ताऱ्यात काही रेषा ठळक आणि दुसऱ्यात त्या गायब, असे का, ते नीट कळत नव्हते. साहांनी दाखवले की खूप तापलेल्या वायूत अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटतात. किती अणूंचे सुटतील, ते तापमानावर आणि दाबावर अवलंबून असते, आणि ते एका सूत्राने मोजता येते. इलेक्ट्रॉन सुटला की अणूच्या रेषा बदलतात. म्हणजे रेषा पाहून ताऱ्याचे तापमान सांगता येते. ताऱ्यांचे जे वर्ग तोपर्यंत नुसत्या दिसण्यावरून पाडले होते, ते खरे तर तापमानाचे वर्ग निघाले. पुढे १९२५ मध्ये हार्वर्डमध्ये सेसिलिया पेन या तरुणीने हेच सूत्र वापरून दाखवले की ताऱ्यांमध्ये सर्वांत जास्त हायड्रोजन आणि हेलियम असते. तिलाही तिच्या विद्यापीठाने बाई म्हणून बरीच वर्षे योग्य पद दिले नाही.

आपल्या सूत्रावरून साहांनी एक भाकीतही केले होते. रुबिडियमसारख्या मूलद्रव्याच्या रेषा सूर्याच्या सर्वसाधारण प्रकाशात दिसत नाहीत, पण सूर्यावरचे डाग तुलनेने थंड असल्यामुळे तिथे त्या दिसायला हव्यात. ते तपासायला मोठी सौर दुर्बीण लागत होती. ती कॅलिफोर्नियात माऊंट विल्सनला होती. हेन्री नॉरिस रसेल यांनी तिथल्या वर्णपटांत शोध घेतला आणि रुबिडियमच्या रेषा सापडल्या. भाकीत कोलकात्याच्या माणसाचे होते, पण ते पडताळून पाहण्याचे साधन त्याच्या देशात नव्हते.

प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्तीवर साहा युरोपात गेले होते. हे प्रेमचंद म्हणजे मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरला ज्यांनी पैसे दिले तेच व्यापारी. लंडनला फाऊलर यांच्या आणि बर्लिनला नेर्न्स्ट यांच्या प्रयोगशाळेत साहांनी काम केले. सज्ज प्रयोगशाळा म्हणजे काय, हे तिथे त्यांनी पाहिले. तिथेच राहायचा मार्ग शोधता आला असता. ते परत आले.

पाच हजार रुपयांची किंमत

परत आल्यावर कोलकात्यात प्राध्यापकपद मिळाले, पण प्रयोगासाठी ना पैसे ना माणसे. १९२३ मध्ये ते अलाहाबाद विद्यापीठात गेले. तिथेही प्रयोगशाळा फक्त बी.एस्सी.च्या मुलांचे प्रयोग करून घेण्यापुरती होती. कारखाना नावाला, ग्रंथालय अपुरे, शिकवण्याचे तास भरपूर. १९२७ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना फेलो केले, तेव्हा कुठे संयुक्त प्रांताच्या गव्हर्नरने संशोधनासाठी वर्षाला ५,००० रुपये मंजूर केले. विलायतेने शिक्का मारल्यावरच आपल्याकडे किंमत कळते, ही सवय तेव्हापासूनची आहे.

त्या पैशांतून आणि विद्यार्थ्यांच्या जोरावर साहांनी अलाहाबादला संशोधनाची शाळा उभी केली. उष्णतेवर त्यांनी श्रीवास्तव यांच्यासह लिहिलेले पाठ्यपुस्तक पिढ्यान्‌पिढ्या चालले. तिथेच शिकलेले दौलतसिंह कोठारी पुढे मोठे शास्त्रज्ञ झाले. देशाच्या शिक्षणाचा आराखडा देणारा १९६४-६६ चा कोठारी आयोग तो त्यांचाच.

एव्हाना साहांना एक गोष्ट पक्की कळली होती. एकट्या हुशार माणसाने काही होत नाही. त्याला प्रयोगशाळा लागते, निबंध छापणारे मासिक लागते, चर्चा करायला सोबती लागतात, आणि उद्या पगार मिळेल याची खात्री लागते. हे सगळे नसेल तर हुशार मुले एकतर परदेशी जातात किंवा सरकारी फाईली सांभाळतात. म्हणून त्यांनी संस्था बांधायला घेतल्या. १९३० मध्ये अलाहाबादला विज्ञान अकादमी सुरू केली, तीच आजची नॅशनल ॲकॅडमी ऑफ सायन्सेस. १९३४ मध्ये मुंबईला भरलेल्या भारतीय विज्ञान परिषदेचे ते अध्यक्ष होते. तिथून त्यांनी अखिल भारतीय अकादमीची आणि नद्यांच्या पुराचा शास्त्रीय अभ्यास करण्याची गरज मांडली. १९३५ मध्ये सायन्स अँड कल्चर हे मासिक काढले. अमेरिकन मासिकाने ज्याच्याकडे छपाईचे पैसे मागितले होते, त्याने आपल्या देशातल्या लेखकांसाठी जागा तयार केली.

१९३८ मध्ये ते कोलकात्याला परतले. १९४० मध्ये तिथल्या एम.एस्सी.च्या अभ्यासक्रमात अणुकेंद्राचे भौतिकशास्त्र आणले. आपला विद्यार्थी बसंतीदुलाल नागचौधुरी याला अमेरिकेत लॉरेन्स यांच्याकडे सायक्लोट्रॉन शिकायला पाठवले. हे यंत्र अणूंच्या कणांना वेग देते. टाटांच्या विश्वस्त निधीने पैसे दिले. यंत्राचा काही भाग कोलकात्याला पोहोचला, पण पंपांची खेप घेऊन येणारे जहाज युद्धात बुडाले. मग पंप इथेच बनवायचा खटाटोप सुरू झाला आणि काम वर्षानुवर्षे रखडले. श्रीमंत देशात एखादा भाग हरवला तर दुसरा मागवतात. गरीब देशात एका जहाजाबरोबर कितीतरी वर्षे बुडतात. तरीही १९५० च्या जानेवारीत त्यांच्या अणुभौतिकी संस्थेचे उद्घाटन झाले. ते केले इरेन जोलिओ-क्यूरी यांनी. आज ती संस्था साहांच्याच नावाने ओळखली जाते.

दामोदरचा पूर आणि बाबासाहेब

साहांचे विज्ञान प्रयोगशाळेत अडकून पडले नाही. त्यांचे बालपण पुराच्या प्रदेशात गेले होते. १९२२ च्या उत्तर बंगालच्या पुरात प्रफुल्लचंद्रांच्या मदत समितीत त्यांनी काम केले. पूर हा देवाचा कोप नाही, त्याला कारणे आहेत आणि कारणांवर उपाय आहे, हे ते सायन्स अँड कल्चरमधून सतत लिहीत राहिले.

१९४३ मध्ये दामोदर नदीला मोठा पूर आला. बंगाल सरकारने चौकशी समिती नेमली. साहा तिचे सदस्य होते. अमेरिकेतल्या टेनेसी खोऱ्याप्रमाणे सगळ्या खोऱ्याचा एकत्र विचार करणारे प्राधिकरण असावे, पूरनियंत्रण, सिंचन आणि वीज ही कामे एकाच योजनेत यावीत, अशी दिशा त्या समितीने दिली.

आता दिल्लीत पाहा. त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. वीज आणि पाटबंधारे त्यांच्याच खात्याकडे होते. १९४५ च्या जानेवारीत आणि ऑगस्टमध्ये कोलकात्यात झालेल्या दामोदर परिषदांचे अध्यक्षस्थान बाबासाहेबांनी भूषवले आणि केंद्र, बंगाल व बिहार यांना एका योजनेवर आणण्याचे काम केले. १९४८ मध्ये दामोदर खोरे महामंडळ स्थापन झाले. एकाने शास्त्रीय बाजू मांडली, दुसऱ्याने राज्यकारभाराची. एकाला वसतिगृहाच्या पंगतीतून उठवले होते, दुसऱ्याला शाळेत पाण्याच्या भांड्याला हात लावू दिला नव्हता. ज्यांना पंगत आणि पाणी नाकारले, त्यांनी देशाच्या पाण्याचे नियोजन केले. ही गोष्ट आपल्या प्रत्येक अभ्यासवर्गात सांगितली गेली पाहिजे.

दोघांमध्ये आणखी एक साम्य होते. चरख्यावर आणि खेड्याच्या जुन्या रचनेवर देश उभा राहील, हे दोघांनाही मान्य नव्हते. यंत्र, वीज आणि नियोजन यांशिवाय गरिबाची हमाली सुटणार नाही, असे दोघे मानत. १९३८ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष असलेल्या सुभाषचंद्र बोस यांनी राष्ट्रीय नियोजन समिती नेमली, तिच्यामागे साहांचा आग्रह होता.

सगळे वेदांत आहे म्हणणाऱ्यांना उत्तर

ढाक्यातल्या एका वकिलाला साहा आपले संशोधन समजावून सांगत होते. ताऱ्यांत काय आहे ते ऐकून वकील म्हणाले, यात नवीन काही नाही, सगळे वेदांत आहेच. वेदांत नेमके कुठे, असे विचारल्यावर उत्तर आले की आपण वेद वाचलेले नाहीत, पण त्यात असणारच. हा प्रसंग साहांनी १९३०च्या दशकाच्या अखेरीस एका बंगाली मासिकातल्या वादात स्वतः लिहिला. त्यावर बरीच टीका झाली. साहा मागे हटले नाहीत. त्यांनी प्राचीन ग्रंथ स्वतः अभ्यासले आणि त्यांत काय आहे, काय नाही, ते पुराव्याने मांडले.

परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, मोठ्या माणसाने सांगितले म्हणून स्वीकारू नका, ही तथागतांनी कालामांना दिलेली शिकवण आपण जाणतो. साहा त्याच वाटेने चालत होते.

पंचांगाच्या बाबतीत त्यांनी तेच केले. स्वातंत्र्यानंतर देशात सुमारे ३० वेगवेगळी पंचांगे चालत होती. १९५२ मध्ये पंचांग सुधारणा समिती नेमली गेली. अध्यक्ष साहा. सदस्यांत नागपूरचे डॉ. के. ल. दफ्तरी आणि पुण्याचे ज. स. करंदीकर होते. समितीने दाखवले की जुन्या गणितात वर्षाची लांबी किंचित चुकीची धरली गेली आणि शतकानुशतके ती चूक साचत जाऊन ऋतू आणि तिथी यांत सुमारे २३ दिवसांचा फरक पडला आहे. सूर्याची उत्तरेकडची चाल डिसेंबरच्या २२ तारखेच्या आसपास सुरू होते, आपण संक्रांत १४ जानेवारीला साजरी करतो. समितीच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका लागू झाली. ती पाहायला साहा राहिले नव्हते.

दार कोणी बंद ठेवायचे?

१९५२ च्या पहिल्या निवडणुकीत साहा डाव्या पक्षांच्या पाठिंब्यावर कोलकात्यातून उभे राहिले आणि काँग्रेसच्या उमेदवाराला हरवून लोकसभेत गेले. शास्त्रज्ञाने राजकारणात कशाला पडावे, असे त्यांना विचारले जाई. फाळणीने त्यांचे गाव परदेशात गेले होते आणि लाखो निर्वासित कोलकात्याच्या रस्त्यांवर होते. त्यांच्या पुनर्वसनासाठी त्यांनी संसदेत आणि बाहेरही काम केले.

संसदेतला त्यांचा मोठा झगडा अणुसंशोधनावरून झाला. नेहरू सरकारने होमी भाभा यांच्या नेतृत्वाखाली हे काम सरकारी आयोगाकडे एकवटले. साहांचे म्हणणे वेगळे होते. संशोधन विद्यापीठांत व्हावे, जिथे तरुण शिकतात. गुप्ततेच्या भिंती उभारू नयेत. आधी माणसे आणि उद्योगाचा पाया तयार करावा. १९५४ मध्ये त्यांनी हा विषय लोकसभेत चर्चेला आणला. त्यांचे सगळेच मुद्दे बरोबर होते असे नाही. भाभांनी उभारलेल्या संस्थांनी मोठे काम केले, हे नाकारता येत नाही. पण साहांना जी भीती होती, ती खरी ठरली. देशात मोजक्या राष्ट्रीय संस्था सुसज्ज झाल्या आणि बहुसंख्य विद्यार्थी जिथे शिकतात ती विद्यापीठे मागे पडली. आपली मुले बहुतेक त्याच विद्यापीठांत आहेत.

ही अडचण भारतापुरती नव्हती. पाकिस्तानचे अब्दुस सलाम १९५१ मध्ये केंब्रिजहून लाहोरला परतले. तिथे संशोधनाला ना सोबती ना वाव. शेवटी त्यांना देश सोडावा लागला. ते दुःख लक्षात ठेवून त्यांनी १९६४ मध्ये इटलीतल्या त्रिएस्ते इथे एक केंद्र उभे केले. गरीब देशांतल्या शास्त्रज्ञांनी तिथे काही काळ यावे, ताजे व्हावे आणि आपल्या देशात परतावे, ही त्यामागची कल्पना. साहांनी देशाच्या आत जे केले, ते सलाम यांनी अनेक देशांसाठी केले.

आपला प्रश्न

साहांच्या आयुष्यातून एक हिशेब स्पष्ट दिसतो. बुद्धी सगळीकडे जन्मते. शिमुलियाच्या गोठ्यात जन्मते, आपल्या वस्त्यांतही जन्मते. तिला उभे राहायला संस्था लागतात आणि संस्था पैशाने, कायद्याने आणि लोकांच्या आग्रहाने उभ्या राहतात. आज भारत संशोधनावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्क्यांहूनही कमी खर्च करतो. दक्षिण कोरिया ४ टक्क्यांहून जास्त करतो. २०२५ पासून सरकारी संस्थांतल्या विद्यार्थ्यांना जगभरातली हजारो मासिके वाचता यावीत म्हणून केंद्राने तीन वर्षांसाठी ६,००० कोटींची योजना सुरू केली, ही चांगली गोष्ट आहे. पण अनेक परदेशी मासिके निबंध छापायला आजही लेखकाकडून हजारो डॉलर मागतात. १९१७ चा प्रश्न तसाच आहे.

पण साहांच्या कामात एक जागा रिकामी राहिली, तीही पाहिली पाहिजे. त्यांनी संस्था बांधल्या, त्यांच्या दारातून आत कोण येणार, हा प्रश्न मात्र उरलाच. तो बाबासाहेबांनी हातात घेतला. १९४२ मध्ये व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात त्यांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांना विज्ञान आणि तंत्रशिक्षणासाठी, तसेच परदेशी शिक्षणासाठी सरकारी शिष्यवृत्त्या मागितल्या. १९४४ पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली, तिचे मूळ या मागणीत आहे. १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ आणि १९५० मध्ये औरंगाबादला महाविद्यालय सुरू केले, तेव्हा कला शाखेबरोबर विज्ञान शाखाही ठेवली. प्रयोगशाळा हवी आणि तिचे दारही उघडे हवे. साहा आणि बाबासाहेब एकत्र वाचले की हा विचार पुरा होतो.

म्हणून अधिछात्रवृत्तीसाठी जेव्हा आपली मुले महिनोन्‌महिने आंदोलनाला बसतात, तेव्हा तो फक्त त्यांच्या पोटाचा प्रश्न नसतो. देशात संशोधन कोण करणार, याचा तो निर्णय असतो. हप्ता वेळेवर न आल्याने संशोधन सोडून नोकरी धरणारी प्रत्येक मुलगी म्हणजे एक न छापलेला निबंध आहे.

आपण काय करू शकतो? विद्यापीठांच्या प्रयोगशाळांना निधी, राखीव जागांची पूर्ण भरती आणि वेळेवर अधिछात्रवृत्ती, या मागण्या आपल्या मोर्चांच्या यादीत वर आल्या पाहिजेत. जयंतीच्या वर्गणीतला एक वाटा वस्तीतल्या विज्ञान शिकणाऱ्या मुलामुलींच्या पुस्तकांसाठी आणि प्रवेशशुल्कासाठी वेगळा काढता येईल. विहारात महिन्यातून एक दिवस शाळेतल्या मुलांना एखादा साधा प्रयोग करून दाखवता येईल. पीएच.डी. करणाऱ्या आपल्या भावा-बहिणींना बोलावून त्यांचे काम मराठीत समजून घेता येईल.

वैश्य समितीला त्या दोन रुपयांतून काय उभे राहणार आहे, हे ठाऊक नव्हते. तिने ते दर महिन्याला दिले. आपल्या वस्तीत आज असा कोणता मुलगा, कोणती मुलगी आहे, हे शोधायला आपल्याला फार लांब जावे लागणार नाही.

जयभीम.